पहिली सोंगटी वाटणीची

जमिनीची वाटणी करताना आपल्याकडे एक जुनी रीत सांगतात. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. चांगला वाटा आपल्या हाती राहणार नाही, हे वाटे पाडणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मग विहीर एका वाट्यात गेली की तो मोसंबीची बाग दुसऱ्यात घालतो. रस्त्याकडेचं रान एकाला दिलं की दुसऱ्याला चार गुंठे जास्त देतो. लबाडीला जागाच उरत नाही.

हेक्स या पटावरच्या खेळात पहिली चाल नेमकी अशीच करायची असते. नवा खेळणारा मात्र पटावरची सगळ्यात जोरदार जागा शोधतो, तिथे सोंगटी ठेवतो आणि समोरचा ती सोंगटी उचलून स्वतःची करून घेतो, कारण नियमाने त्याला तसं एकदा करता येतं. मीही सुरुवातीला बरेच दिवस असाच हरलो. जालन्यात घरी गेली काही वर्षं उन्हाळ्याच्या दुपारी मुलांना हा खेळ शिकवतो आहे. दुपारी बाहेर पडायची सोय नसते आणि मुलं हातातल्या मोबाइलवरून मान वर काढत नाहीत, तेव्हा मी पट मांडतो. या खेळाची पहिली चाल कशी ठरवायची, हे मला त्या मुलांमुळेच नीट कळलं. तेच इथे सांगतो.

आधी पट. बाजारातून काही आणायची गरज नाही. षटकोन काढत बसायचीही गरज नाही. विटांची भिंत आठवा. भिंतीतल्या प्रत्येक विटेला सहा विटा टेकलेल्या असतात: एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन वर, दोन खाली. हेक्सच्या पटावरच्या प्रत्येक घरालाही सहाच शेजारी असतात. म्हणून मोठ्या कागदावर पट्टीने अकरा विटांची एक ओळ काढा. तिच्याखाली अकरा विटांची दुसरी ओळ काढा, पण अर्धी वीट उजवीकडे सरकवून. तिसरी आणखी अर्धी वीट उजवीकडे. अशा अकरा ओळी झाल्या की १२१ घरांचा, उजवीकडे कललेला चौकोन तयार होतो. वरचा आणि खालचा काठ एका रंगाने ठळक करा, डावा आणि उजवा काठ दुसऱ्या रंगाने. सोंगट्या म्हणून आम्ही चिंचोके आणि हरभरे घेतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. इथल्या घरात मूठभर बियांना तोटा नसतो.

नियम दोन मिनिटांत सांगून होतात. एकाने वरचा काठ खालच्या काठाशी जोडायचा, दुसऱ्याने डावा काठ उजव्याशी. आळीपाळीने एकेक सोंगटी कुठल्याही रिकाम्या घरात ठेवायची. ठेवलेली सोंगटी हलत नाही, मारली जात नाही. ज्याच्या सोंगट्यांची सलग रांग आधी पूर्ण होईल, तो जिंकला. रांग सरळ असायची गरज नाही, नदीसारखी वळणं घेत गेली तरी चालते.

हा डाव बरोबरीत सुटूच शकत नाही. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवा जालना आहे, म्हणून मुलांना मी नदीचंच उदाहरण देतो. समजा तुम्हाला पाणी वरून खाली न्यायचं आहे आणि समोरच्याला डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत बांध घालायचा आहे. पट पूर्ण भरला की दोनच गोष्टी संभवतात. बांधाला कुठेतरी खिंड राहिली, तर पाणी गेलं. खिंड राहिली नाही, तर बांध पुरा झाला. तिसरं काही नाही. यातूनच सगळ्या डावाला उपयोगी पडणारी गोष्ट निघते: समोरच्याला अडवणं आणि आपली वाट जोडणं ही दोन वेगळी कामं नाहीत. तुमची प्रत्येक चांगली चाल दोन्ही कामं एकदम करत असते.

हा खेळ डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी काढला आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथल्या ‘पोलिटिकेन’ या दैनिकात ‘पॉलिगॉन’ नावाने लोकांपुढे आला. १९४८ च्या सुमारास प्रिन्स्टनला जॉन नॅश यांनी तोच खेळ स्वतंत्रपणे शोधला. ‘हेक्स’ हे नाव मिळालं १९५२ साली, अमेरिकेतल्या पार्कर ब्रदर्स कंपनीने तो विकायला काढला तेव्हा. पहिल्या चालीच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते नॅश यांनी सिद्ध केलेलं एक सत्य: पहिली सोंगटी घ्यायची मुभा नसेल आणि दोघेही अचूक खेळले, तर पहिला खेळणारा जिंकतोच. युक्तिवाद इतका सुंदर आहे की दहावीच्या मुलालाही समजतो. या खेळात जास्तीची सोंगटी कधीच नुकसान करत नाही. समजा दुसऱ्याकडे हमखास जिंकायची रीत आहे. मग पहिल्याने कुठेही एक सोंगटी ठेवावी, स्वतःला दुसरा समजावं आणि तीच रीत वापरावी. त्या रीतीने कधी त्याच घरात सोंगटी ठेवायला सांगितलं, तर ती तिथे आहेच. मग दुसरीकडे कुठेही एक ठेवून पुढे चालावं. म्हणजे पहिलाही जिंकणार आणि दुसराही, जे अशक्य. बरोबरी तर होतच नाही. तेव्हा हमखास रीत पहिल्याचीच.

ही सिद्धता वाट आहे असं सांगते, पण ती कुठून जाते ते सांगत नाही. २०१३ पर्यंत संगणकांनी नऊ बाय नऊच्या पटावरच्या प्रत्येक पहिल्या चालीचा निकाल लावला. दहा बाय दहावर मध्यातून निघणारा डावही तेव्हाच सुटला. तुमच्या कागदावरचा अकराचा पट मात्र तेव्हाही सुटला नव्हता.

पहिल्या चालीचं वजन करायचं तर एक गोष्ट हाताला बसली पाहिजे, ती म्हणजे पूल. आता भिंतीकडे पुन्हा बघा. एखादी वीट घ्या. तिच्या खालचा एक थर सोडा. त्याखालच्या थरात तिच्या अगदी बरोबर खाली दुसरी वीट येते. या दोघींच्या मधे, सोडलेल्या थरात, दोन विटा आहेत आणि त्या दोन्ही वरच्या विटेलाही टेकतात, खालच्या विटेलाही. वरच्या आणि खालच्या घरात तुमच्या सोंगट्या असतील आणि मधली दोन्ही घरं रिकामी असतील, तर त्या सोंगट्या जोडलेल्याच समजा. समोरचा मधल्या एका घरात घुसला तर तुम्ही दुसरं घर भरायचं. त्याला एका चालीत दोन्ही घरं बुजवता येत नाहीत. हाच पूल. खाली तिरकेही दोन पूल निघतात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे, पण सरळ खालचा पूल एका उडीत दोन ओळी गाठतो आणि तिरका एकच. म्हणून घाईच्या वेळी सरळ पूल.

मुलांना हे सांगताना मी आपल्याच जिल्ह्यातल्या असईच्या लढाईची गोष्ट सांगतो. २३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि भोसले यांच्या फौजा केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात होत्या. इंग्रज सेनापती वेलस्लीला नदी ओलांडायची होती, आणि वाटाडे सांगत होते की नेहमीच्या वाटेशिवाय दुसरा उतार नाही. त्याच्या नजरेस पडलं की दोन्ही काठांवर अगदी समोरासमोर दोन गावं वसलेली आहेत. ही माणसं एकमेकांकडे येत-जात असणारच, तेव्हा मधे उतार असलाच पाहिजे, असा त्याने कयास बांधला. उतार होता. फौज तिथूनच पलीकडे गेली. इथे घ्यायची आहे ती एवढीच नजर: समोरासमोर दोन गावं दिसली की मधला उतार दिसो न दिसो, वाट आहे असं धरायचं. पटावरच्या दोन सोंगट्यांकडे तसं बघायला शिकलात की निम्मा खेळ आला.

आता काठ. तुमच्या काठापासून दुसऱ्या ओळीत तुमची सोंगटी असेल तर तिला काठाला टेकायला दोन घरं असतात. एक बुजलं तर दुसरं. म्हणजे ती जोडलेलीच. तिसऱ्या ओळीतली सोंगटीही एकटीने काठाला पोहोचते, पण तिला आजूबाजूला थोडी मोकळी जागा लागते. डाव्या हाताने एक पायरी खाली आणि उजव्या हाताने तिरका पूल, अशा दोन वाटा तिला असतात, आणि त्यांचं एकही घर सामायिक नसतं, म्हणून एकाच चालीने दोन्ही अडवता येत नाहीत. स्वतः कागदावर काढून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. चौथ्या ओळीला याहून कितीतरी रुंद मोकळं रान लागतं. पाचवीचं तर बोलायलाच नको.

एवढं हाताशी असलं की पटाचा मध्य का भारी असतो हे मोजून दाखवता येतं. तुम्ही वरून खाली जोडत आहात असं धरा. सहाव्या ओळीतल्या सहाव्या घरात सोंगटी ठेवली. तिथून सरळ वर एक पूल, चौथी ओळ. आणखी एक पूल, दुसरी ओळ. दुसरी ओळ आली की काठ आलाच. खालीही तसेच दोन पूल, आठवी आणि दहावी ओळ, मग काठ. म्हणजे समोरचा गप्प बसला तर आणखी फक्त चार सोंगट्यांत डाव पक्का. शिवाय मध्यातून डावीकडे सरकायचं की उजवीकडे, हे शेवटपर्यंत तुमच्या हातात. तीन बाय तीनच्या पटावर तर मधल्या घरात सोंगटी पडली की डाव संपलाच. वर दोन घरं, खाली दोन घरं, काहीही बुजवा.

म्हणून मी मध्यातून सुरुवात करायचो. अंबडहून सुट्टीला आलेल्या भाचीला पहिल्यांदा खेळ शिकवला, तेव्हा हा नियमही सांगितला होता की पहिली सोंगटी पडल्यावर दुसऱ्याला एकदाच अदलाबदल मागता येते. म्हणजे ती सोंगटी त्याची, तिचा रंग त्याचा, तिचे काठही त्याचे, आणि आता पहिल्याने उरलेल्या रंगाने दुसरी चाल करायची. मी मध्यात चिंचोका ठेवला. ती म्हणाली, ‘‘मामा, हा चिंचोका माझा. हरभरे तुम्ही घ्या.’’ हरलो. दुसऱ्या दिवशी मध्यापासून एक घर बाजूला ठेवला. तो पण तिने घेतला. तिसऱ्या दिवशी आणखी एक घर. आठवडाभर मी मध्याच्या आसपास फिरत राहिलो आणि ती प्रत्येक वेळी अदलाबदल मागत राहिली. शेवटी मी तिलाच पहिली चाल दिली. तिने दुसऱ्या ओळीत, कोपऱ्यापासून तिसऱ्या घरात चिंचोका ठेवला आणि हात मागे घेऊन माझ्याकडे बघत बसली. मी दहा मिनिटं पटाकडे बघत होतो. घ्यावा की सोडावा ते मला ठरवता येईना. पहिली चाल कशी असावी, याचा नमुना त्या दहा मिनिटांत मला मिळाला.

तेव्हा पहिलं मार्गदर्शन हेच: अदलाबदलीच्या नियमाने खेळत असाल तर जिंकणारी जागा शोधू नका. ‘ही माझ्याकडे राहिली तरी मला चालेल आणि त्याने घेतली तरी चालेल’ असं तुम्हाला मनापासून वाटेल अशी जागा शोधा. फार जोरदार ठेवलीत तर तो घेईल. फार दुबळी ठेवलीत तर तो ती तुमच्याच गळ्यात ठेवेल आणि स्वतः जाऊन मध्यात बसेल. म्हणजे तुमची एक चाल फुकट गेली. दोन्हीत तुम्हीच मागे. अदलाबदलीशिवायही हा खेळ खेळता येतो, आणि पहिल्या दोन-चार दिवशी लहान पटावर तसा खेळावाही. पण अकराच्या पटावर तो नियम नसेल तर पहिला खेळणारा मध्यात बसतो आणि समोरच्याचा सगळा वेळ त्याच्या मागे पळण्यात जातो.

मग घरांचं वजन कसं करायचं? चारही कोपरे सारखे नाहीत, इथून सुरुवात करा. आपला पट उजवीकडे कललेला आहे, त्यामुळे वरचा डावा आणि खालचा उजवा कोपरा टोकदार आहेत. वरचा उजवा आणि खालचा डावा रुंद आहेत. टोकदार कोपऱ्यातल्या घराला शेजारी दोनच, रुंद कोपऱ्यातल्याला तीन. फरक एवढाच असता तर मी त्यावर वेळ घालवला नसता. पण तुमची सोंगटी वरच्या डाव्या टोकदार कोपऱ्यात आहे असं धरा आणि तिथून सरळ खाली पूल टाकायला जा. ते घर पटाच्या बाहेर पडतं! भिंत उजवीकडे सरकत चालली आहे आणि तुमचा पूल सरळ खाली उतरतो आहे, मग पायाखाली पट उरत नाही. आता वरच्या उजव्या रुंद कोपऱ्यातून सरळ खाली उतरा: तिसरी ओळ, पाचवी, सातवी, नववी, अकरावी. सगळी वाट पटावरच. म्हणून टोकदार कोपऱ्यातली पहिली चाल हरणारी असते, आणि हे कुठल्याही आकाराच्या पटासाठी सिद्ध झालेलं आहे. रुंद कोपरा मात्र नुसता दिसायला कोपरा. तो पुष्कळ वजनदार आहे. नवी माणसं ‘कोपऱ्यात ठेवतो, कोण घेणार’ म्हणून रुंद कोपऱ्यात सोंगटी ठेवतात आणि जाणता खेळाडू ती आनंदाने घेतो. दोन रुंद कोपऱ्यांना जोडणारी जी तिरकी रेघ पटाच्या मधून जाते, तिच्यावरचं कुठलंही घर पहिल्या चालीला वापरू नका. ती सगळी रेघ जड आहे.

नंतर काठ. वरून खाली जोडणाऱ्याने डाव्या किंवा उजव्या काठाला चिकटून सोंगटी ठेवली तर ती समोरच्याच्या काठावर बसते. तिला एका बाजूने वाट नाही आणि समोरच्याला तिच्याजवळ यायचंही कारण नाही. अशी बहुतेक घरं दुबळी, अपवाद रुंद कोपऱ्याच्या लगतचा. स्वतःच्या काठावरच्या पहिल्या ओळीतली घरंही बहुतेक हलकीच, कारण काठाला टेकायचं काम तसंही पुढे सहज होणार असतं, त्यासाठी आधीच सोंगटी खर्चून काय मिळालं? दुसऱ्या ओळीपासून वजन वाढायला लागतं. तिसऱ्या-चौथ्या ओळीत, मध्याच्या बाजूला, ते भरपूर असतं. मग हलकं आणि जड यांच्या सीमेवर कुठली घरं येतात? टोकदार कोपऱ्याच्या आसपासची, काठापासून एखाद-दुसऱ्या ओळीत असलेली. अकराच्या पटावर मी नव्या खेळाडूला वरून दुसऱ्या ओळीतलं, डावीकडून तिसरं घर सुचवतो, म्हणजे माझ्या भाचीने निवडलं तेच. तिथून सुरुवात करा. समोरचा ती सोंगटी नेहमीच घ्यायला लागला तर कोपऱ्याकडे एक घर सरका. कधीच घेत नसेल तर एक घर बाहेर, मध्याकडे. तुमच्या दोघांच्या ताकदीचा समतोल आठ-दहा डावांत आपोआप सापडतो.

अशी सोंगटी मध्यापासून इतकी लांब आणि तरी तिला किंमत का, हे कळायला शिडी समजून घ्यावी लागते. काठाशी झटापट चालली असताना पुष्कळदा असं होतं की तुम्ही दुसऱ्या ओळीत पुढे सरकता, समोरचा पहिल्या ओळीत तुमच्या खाली एकेक सोंगटी ठेवून अडवतो, तुम्ही पुन्हा पुढे, तो पुन्हा खाली. दोघे काठाकाठाने चालत राहता. ही शिडी. पुढे काही नसेल तर तिच्या शेवटी तुम्ही हरलेले असता. पण त्याच काठाशी पुढे कुठे तुमची एखादी सोंगटी आधीपासून बसलेली असेल, तर तिला टेकताच शिडी सुटते आणि तुम्ही काठाला लागता. डावाच्या पहिल्या मिनिटात कोपऱ्याजवळ ठेवलेली ती एकटी सोंगटी तिसाव्या-चाळिसाव्या चालीला अशी कामाला येते. म्हणून अदलाबदल घ्यायची की नाही हे ठरवताना नुसतं मध्यापासूनचं अंतर मोजू नका. या काठावर शिडी आली तर कोणाच्या उपयोगाची, हेही बघा.

दुसऱ्या खेळणाऱ्याला माझं सांगणं सोपं आहे. सोंगटी बघा, पट मनात अर्धा फिरवा. अर्ध्या फेऱ्याने पट तोच राहतो, म्हणून १२१ घरांतून खरोखर वेगळ्या अशा पहिल्या चाली ६१ च. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही सोडली आणि मी मध्यात बसलो, तर मी खूश आहे का? असलो तर सोडावी. थोडी जरी चुळबूळ वाटली तर घ्यावी. नवे लोक अदलाबदल मागायला संकोचतात. त्यांना वाटतं आपण दुसऱ्याचं काही हिसकावतो आहोत. तसं अजिबात नाही. वाटा उचलणं हा धाकट्याचा हक्क आहे, आणि तो त्याने वापरला नाही तर थोरला उद्यापासून लबाड वाटे पाडायला शिकेल.

अदलाबदल झाली किंवा नाकारली गेली की खरा डाव सुरू होतो. मध्य रिकामा असेल आणि चाल तुमची असेल, तर बहुतेक वेळा मध्यच. नंतरच्या दोन-चार चाली काठांपासून चौथ्या ओळीच्या आसपास, रुंद कोपऱ्यांच्या बाजूला ठेवाव्यात. तिथली सोंगटी काठालाही धरून असते आणि मध्याकडेही बघते. या टप्प्यावर सोंगट्या एकमेकींना चिकटवून ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. मुलं हमखास करतात: एक ठेवली, तिच्या शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी, रांग दिसते म्हणून बरं वाटतं. तेवढ्या तीन सोंगट्यांत समोरचा तीन पूल टाकून सहा ओळी उतरलेला असतो.

अडवतानाही तीच चूक होते. समोरच्याची सोंगटी खाली उतरते आहे आणि तुम्ही तिच्या पायाशी, लगतच्या घरात आडवे झालात, तर तो दुसऱ्या बाजूने वळसा घालून जातो. तुमची सोंगटी मागे राहते. शेतात ओघळ अडवायला बांध ओघळीच्या तोंडाशी कुणी घालत नाही. पाणी कुठे जाणार ते बघून, उताराला, खाली घालतात. पटावरही लांबून अडवा, निदान एक ओळ सोडून, आणि अशा ठिकाणी की तुमची ती सोंगटी तुमच्या स्वतःच्या वाटेवरही असेल. माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९५० च्या दशकात हेक्स खेळणारं एक यंत्र केलं होतं; त्यात पट म्हणजे विजेचं जाळं होतं आणि प्रवाह कुठून कसा वाहतो त्यावरून यंत्र चाल ठरवत असे. तुम्हीही डोळे बारीक करून पटाकडे असंच बघा. पाणी सोडलं तर कुठून वाहील? जिथे ओघ सगळ्यात अरुंद आहे, तिथे दोघांचीही सगळ्यात चांगली चाल असते.

सराव कसा करावा, हेही सांगतो, कारण नुसतं वाचून ही नजर येत नाही. पहिले दोन दिवस पाच बाय पाचचा पट, अदलाबदल नाही. पूल आणि मध्याचा जोर हाताला कळू द्या. नंतर सातचा पट आणि अदलाबदल. नंतरच अकरा. एक वही ठेवा. तिच्यात पटाचं छोटं चित्र काढून प्रत्येक डावाची फक्त पहिली चाल लिहा, अदलाबदल झाली की नाही ते लिहा आणि कोण जिंकलं ते. बाकी चाली लिहीत बसलात तर दोन दिवसांत वही बंद पडेल. महिन्याभरात त्या चित्रावर तुमच्या घरातल्या खेळाडूंसाठीची सीमा दिसायला लागते: इकडची घरं नेहमी घेतली जातात, तिकडची कधीच नाही, आणि मधली पाच-सहा घरं अशी की निकाल निम्मा-निम्मा. त्या पाच-सहा घरांतून सुरुवात करणारे दोघे समोरासमोर बसले की डाव शेवटच्या सोंगटीपर्यंत जातो.

मोठ्यांनीही बसावं. पारावर खडे मांडून नवकंकरी किंवा वाघ-बकरी खेळलेली माणसं अजून गावोगाव आहेत आणि त्यांना हा पट समजावायला पाच मिनिटंही लागत नाहीत. माझ्या शेजारच्या एका आजोबांना, वय पंचाहत्तरच्या पुढे, पहिल्याच दिवशी पूल म्हणजे काय ते न सांगता समजलं. त्यांनी दोन हरभरे ठेवले, मधल्या दोन घरांवर बोट ठेवलं आणि नातवाला म्हणाले, ‘‘हितं ये, नाहीतर तितं ये. मी दुसरीकडून जातो.’’

भाची यंदा बारावीला आहे. परवा दोन दिवसांसाठी आली होती. पट काढला, पहिली चाल माझी होती. वही उघडून मी तिसऱ्या ओळीतलं दुसरं घर निवडलं. माझ्या वहीत ते निम्म्या-निम्म्यातलं आहे. चिंचोका ठेवला आणि हात मागे घेतला. तिने हनुवटीखाली तळहात धरला, पट एकदा इकडून पाहिला, उठून दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडून पाहिला. चहा निवत होता. मग हरभऱ्यांची वाटी स्वतःकडे ओढली आणि एक हरभरा मध्यात ठेवला.